तीन दिवे स्टेशनची आजी

"स्टेशनांच्या नावामागच्या गोष्टी लिहायच्या ना? डाव्या हातचा मळ!" मेट्रोच्या जनसंपर्क खात्यातल्या कारकुनाने बायकोला ऐटीत सांगितलं. मुलंबाळं घेऊन हिंडणाऱ्या कुटुंबांसाठी साहेबांना प्रत्येक स्टेशनवर एक गोष्ट लावायची होती. गोष्टी रंगल्या की बढती नक्की! त्या भरवशावर त्याने जुना सोफा विकूनही टाकला होता आणि घरदार जमिनीवर बसत होतं.

बाकीची नावं मुकाट्याने वठणीवर आली. 'जुना पूल'पाशी पूल होता, 'गिरणी फाटक'पाशी गिरणी. गाडी अडली ती 'तीन दिवे'पाशी. हे नाव कुठून आलं, कुणालाच ठाऊक नाही! शेवटी त्याने एक आजी जन्माला घातली. तिचे तीन मुलगे परगावी गेलेले आणि ती रोज खिडकीत तीन दिवे लावून वाट बघत बसायची. लिहून झाल्यावर गोष्ट त्याने स्वतःच तीनदा वाचली.

फलक लागला आणि गर्दी लोटली. बाप पोरांना कडेवर घेऊन वाचून दाखवू लागले, आया डोळे पुसू लागल्या. इथवर ठीक होतं. मग एक टकलू गृहस्थ सहकुटुंब तिकीट खिडकीशी येऊन ठाकले.

"आम्ही आजींचे पणतू! आमच्याकडून कसलं तिकीट घेता?"

"तोतये मेले!" मागून एक बाई कडाडल्या. "आजी आमच्या! माझं नाक बघा, अगदी तस्संच!"

"नाकाचं फलकावर काही नाहीये हो," गर्दी बघायला आलेला कारकून चाचरला.

"तुम्ही पाहिलं होतंत का त्यांना?"

छत्र्या उगारल्या गेल्या, पोरं रडू लागली. कारकून गर्दीतून मागे सरकला. बढती राहिली बाजूला, नोकरीवरच गदा यायची! खरं काय ते सांगून टाकायला तो धावत साहेबांच्या खोलीत गेला.

"साहेब, चूक झाली. ती आजी..."

साहेबांनी दार लावून घेतलं. "घोडचूक! मुलगे तीन नव्हते, चार होते. चौथे माझे पणजोबा. ते घरीच राहिले, म्हणून त्यांचा दिवा नाही. म्हातारीचं सगळं त्यांनी केलं आणि फलकावर त्यांचा उल्लेखसुद्धा नाही?"

"पण साहेब, ती आजी मी..."

"तुम्ही काय?"

कारकुनाच्या डोळ्यांपुढे बढती तरळली. "मी... चौथ्या मुलाला विसरलो, साहेब."

"आजच्या आज दुरुस्त करा."

"करतो. आणि माझ्या बढतीचं?"

"बढती कसली? आमच्या घरातली ही गोष्ट बाहेर फोडली कुणी, त्याचा आधी छडा लावा!"