बानूबाईंना दोनच मतं

लोकसभेला देश. विधानसभेला कालव्याचं पाणी. ग्रामपंचायतीला भावकी.

महाळुंगे पडवळच्या बाजारातून येताना पिकअपमध्ये कोण कुणाशेजारी बसतं, ते बघावं.

गुलालाची चार पोती. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.

दारात आलेली सवाष्ण रिकाम्या ओटीनं जाऊ नये.

चहा कोरा आला की समजावं, या घरातलं मत गेलं.

ही सगळी वाक्यं सोपानची. ओटीचं तेवढं सोडून.

वाडीत कुठलं घर कुणाला मत देणार, हे सोपान आधी सांगायचा आणि निकाल मागून यायचा. त्याला कसलंच पद नव्हतं. पुढारी मात्र गाडी थांबवून, काच खाली करून त्यालाच विचारायचे, "काय म्हणतंय वारं?" तेवढ्यावर तो आठवडाभर ताठ चालायचा.

यंदा ग्रामपंचायतीला वॉर्डातली जागा बाईमाणसाला सुटली आणि सोपानची बायको साळुबाई उभ्या राहिल्या. समोर राघूची बानूबाई. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांतलं घर, आता कांदा करतात. त्यांची घरं चार. बाकी सगळी वाडी सोपानची भावकी. अंदाज चुकायला जागाच नव्हती!

"बानूबाईला दोन मतं," सोपान पारावर म्हणाला. "एक तिचं, एक राघूचं. राघूचं बी मला जरा डळमळीत वाटतंय!"

"अवं, असं नगा बोलू," साळुबाई घरी म्हणाल्या. "तिच्या कानावर जाईल."

"जाऊ दे की! म्हंजी दारोदार हिंडायचे कष्ट तरी वाचतील."

गेलंच कानावर. तरी बानूबाई हिंडल्या. एकट्या, पायी. प्रत्येक उंबऱ्याशी एकच बोलायच्या, "मी काय निवडून येत न्हाई, ठावं हाय मला. दोनच मतं हाईत म्हणं. पण उभी ऱ्हायले, तर दारात यावं लागतं. म्हणून आले."

बायका आत जायच्या, सुपातून तांदूळ आणायच्या, ओटी भरायच्या. सोपानचे हेर येऊन सांगायचे, "दादा, अमक्याच्यात ओटी भरली, तमक्याच्यात बी भरली." सोपान मांडीवर थाप मारायचा. "भरू दे! ओटीत तांदूळ न मशीनमधे भोपळा!"

मतमोजणीला तो तालुक्याला गेला. वाडीच्या वेशीत त्यानं आधीच ट्रॅक्टर, त्यावर डीजे आणि गुलालाची पोती उभी करून ठेवली होती.

बानूबाई एका मतानं निवडून आल्या.

परतीच्या जीपमध्ये माणसं दहाव्याहून निघाल्यासारखी बसली होती. साळुबाई खिडकीशी, पदर घट्ट धरून. वाटेत सोपानचा चुलतभाऊ गोरख बोलला.

"दादा, एक सांगू? चिडणार न्हाईस ना?"

"सांग."

"मी बानूबाईला दिलं."

"तू? अरं, रक्ताचा ना तू!"

"तूच म्हणत व्हतास, दोनच मतं. मला वाटलं, बाईमाणूस, उद्या गावात तोंड दाखवायचंय तिला. तीन तरी व्हऊ द्या. वहिनी तर येणारच व्हत्या!"

सोपान त्याच्या गचांडीला हात घालणार, तेवढ्यात मागून म्हातारी चुलती, बायडाबाई, खाकरली. "सोपाना, त्याला नको मारूस. मला वाटलं, मी एकलीच हाय."

मग कोपऱ्यातून एक हुंकार. मग दुसरा. कुणी कुणाला विचारलं नव्हतं, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. जो तो आपलं एकच मत, पदराआड लपवून, गुपचूप देऊन आला होता.

"चांगदेवा, तू रं?" सोपाननं ड्रायव्हरला विचारलं.

"भाऊ, गाडी चालवताना मी बोलत न्हाई."

वेशीत राघू हात जोडून उभा होता. मागं बानूबाई, अंगावर गुलालाचा कणसुद्धा नाही.

"सोपानभाऊ, रागावू नका. आमी काहीच आणलं न्हाई. ना गुलाल, ना वाजवायला. तुमचा डीजे नुसताच हुबा हाय, तर..."

"मग आधी सांगून ठेवायचं न्हाई व्हय कुणाला?" सोपान ओरडला. "निवडून येणार न्हाई, असं कुणी सांगितलं व्हतं तुमाला?"

राघूनं जरा विचार केला.

"तुमीच की, भाऊ."

डीजे सुरू झाला. सोपानच्या ट्रॅक्टरवर, सोपानच्या गुलालात, बानूबाईंची मिरवणूक निघाली. ट्रॅक्टरवर चढण्याआधी बानूबाईंनी पहिली चिमूट साळुबाईंच्या कपाळाला लावली. दोघी एकमेकींचे हात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. सोपानला वाटलं, बायको आता रडणार.

तिन्हीसांजेला तो अंगणात बसला. चारदोन जण रस्त्यानं गेले, पण वारं काय म्हणतंय, हे कुणी विचारलं नाही.

"एका मतानं गं!" तो म्हणाला. "एक, फक्त एक माणूस नीट वागला असता, तर तू आत असतीस. कोण असंल गं ते?"

"भाकरी गार व्हतीय," साळुबाई म्हणाल्या. "जेवून घ्या."

मतदानाच्या दिवशी सकाळी केंद्रावर सगळ्यात आधी मत दिलं ते साळुबाईंनी, आणि ते बानूबाईंना.