राणीसाहेबांचे गर्भींच्या थायमसाचें वर्तमान

श्री. उदराच्या अंधारांत देह घडविणाऱ्यास नमन करोन लिहितों. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, भाद्रपद मासीं, एके राज्यीं हैबतराव राजे नांदत असतां सुंदराबाई राणीसाहेब दुसरियानें गर्भवती जाहल्या. पहिला पुत्र तान्हेपणींच ज्वरखोकल्यानें कैलासवासी जाहला होता. त्याचे उरीं थायमस म्हणोन जी ग्रंथी असावी ती घडलीच नव्हती, आणि त्यामुळें अंगीं रोगाशीं लढणारें सैन्य तयार जाहलें नाहीं. मग राजे धास्तावले आणि त्र्यंबकभट वैद्यांस बोलावून पुसते जाहले, "ही ग्रंथी उपजते कोठें?" वैद्य बोलिले, "महाराज, गर्भाचे गळ्यांत दोहों बाजूंस खळगे पडतात. तेथील अस्तराच्या पेशी सुटोन खालीं उतरतात आणि हृदयावर येऊन बसतात." राजे म्हणाले, "गळ्यांत उपजते तर उरीं कां जाते? वाट चुकली तर?" वैद्य बोलिले, "क्वचित चुकतेही." त्यानें राजे अधिकच गोंधळले. मग वैद्यांनीं समजाविलें कीं, त्या पेशी पंतोजी होत. रक्तांतून कोवळे शिपाई येतात, त्यांस त्या आपल्याच देहाच्या खुणा दाखवितात, आणि जो आपल्यांवरच हत्यार उगारील त्यास तेथेंच मारवितात. राजे बोलिले, "जन्मापूर्वींच आपला-परका? आम्हांस दरबारीं अजून कळत नाहीं!" राणीसाहेब चिडोन बोलिल्या, "आपण उगे राहावें. वैद्यबुवा, मजला एवढेंच सांगा, माझे लेकरास ग्रंथी आहे कीं नाहीं?" मग पांचवे मासीं सोनोग्राफीचें यंत्र आणविलें, तों मूल पाठ करून निजलेलें, कांहीं दिसेना. राणीसाहेब उठोन चौकांत फिरल्या, आणि पुन्हा येऊन निजल्या, तों मूल वळलें आणि हृदयावर ग्रंथी दिसली. राजे हर्षें साखर वांटूं लागले, तों वैद्य बोलिले, "घर दिसलें. आंत पंतोजी शिकवितात कीं नाहीं तें यंत्रास दिसत नाहीं. जन्मलियावर रक्त पाहूं." राजे मूठभर साखर तैसीच धरोन उभे राहिले, हंसावें कीं रडावें कळेना. पुढें वैशाखांत कन्या जाहली आणि रक्त पाहिलें, तों शिपाई हजर आणि लढण्याजोगे. तेव्हां राणीसाहेबांनीं पदर तोंडास लाविला आणि इतक्या दिवसांत पहिल्यानेंच रडल्या. राजे बोलिले, "आतां ती ग्रंथी जन्मभर जपूं!" वैद्य बोलिले, "ती तों वय वाढतां आटत जाते." "आटते?" ऐसें राजे ओरडले आणि कन्या दचकोन जागी जाहली. राणीसाहेब बोलिल्या, "आटूं द्या. तोंवर शिपाई शिकलेले असतील. आतां हिला घ्या आणि निजवा."

सारांश, राजांस त्या ग्रंथीचें येणें कळलें नाहीं आणि जाणेंही कळलें नाहीं. कन्या मात्र वाढली, आणि धुळींत खेळली. घडलें तैसें लिहिलें.