शिळं पाणी आणि जित्ती झाडं

आमच्या लातुरात दारावर शिळी भाकरी मागायला पुष्कळ जण येत. शिळं पाणी मागणारा माणूस मात्र अख्ख्या मराठवाड्यात एकच, आमचे दिगूमामा. नळाला दहा दिवसांनी पाणी यायचं, तेव्हाची गोष्ट. नळ सुटला की गल्लीतल्या बायका मागच्या खेपेचं उरलेलं पाणी शिळं म्हणून खुशाल नालीत ओतायच्या. नेमक्या त्याच वेळी मामा सायकलला चार डबे बांधून हजर. "शिळं वतू नका वो, म्या आलो."

हे पाणी ते पीत नसत. त्यात झाडं ठेवत. जिथं लोक अंघोळीला मुहूर्त बघत होते, त्या गावात ह्या माणसानं पाण्यातल्या झाडांचं दुकान काढलं होतं. वाळवंटात होड्या विकणारा त्यांच्यापुढं व्यवहारी म्हणायचा.

मामा आमच्याच घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहत, एकटे. भूकंपात गाव गेलं तेव्हा लातूरला आले आणि एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागले. तिथल्या काचेच्या टाकीत हायड्रिला नावाची वनस्पती होती. उन्हात ठेवली की तिच्यातून बारीक बुडबुडे वर येतात. पोरं ते बघत, वहीत आकृती काढत आणि विसरून जात. मामांनी मात्र निवृत्त होईपर्यंत दुसरं काही बघितलंच नाही. निरोपाच्या दिवशी शाल-नारळ नको म्हणाले, टाकीतली एक फांदी मागून घेतली.

त्या एका फांदीनं आमची गच्ची गिळली. टप, घमेली, रांजण, एक मोडका फ्रिज आडवा पाडून केलेला हौद, सगळीकडं हिरवंगार. वरून जाणारे बगळे तळं समजून उतरत आणि मासा दिसला नाही की मला शिव्या घालून जात. मामांनी जिन्याखाली पाटी लावली, 'येथे पाण्यातली झाडे जिवंत मिळतील.' मी विचारलं, मेलेली कुठं मिळतात? म्हणाले, "बाकीच्या समद्या दुकानात."

गिऱ्हाइकांचा तोटा नव्हता. लातुरात तेव्हा घरं कमी आणि क्लास जास्त झाले होते. उमरी, नायगाव, मुरुड, कुठून कुठून पोरं डॉक्टर व्हायला येऊन खोल्यांमधून कोंबली होती. टेबलावर हे झाड ठेवलं की झोप येत न्हाई, पाठांतर फटाफट होतंय, असं मामा छातीठोक सांगत. पण माल विकताना एक अट असे. दर रविवारी सकाळी बरणी घेऊन हजेरीला यायचं.

विकलेला माल पुन्हा बघायला मागणारा दुकानदार मी तरी दुसरा बघितला नाही. मामा बरणी गच्चीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवत, बुडबुडा येईपर्यंत डोळा लावून बसत आणि मग पोराकडं बघून म्हणत, "ह्याचा श्वास चालू हाय. तुजा?" एवढ्यावर ते पोर तासभर मार्क, मेसची डाळ आणि घरची आठवण ओकत बसे. एखाद्याचा रविवार चुकला की मामा सायकल काढून थेट त्याच्या खोलीवर. एका क्लासचे सर त्यांना समजवायला गेले की बुडबुडा म्हणजे श्वास नव्हे, तो प्राणवायू. मामांनी त्यांना बरणी विकलीच नाही.

असं चाललं असताना मोठी ऑर्डर आली. एका मोठ्या क्लासला प्रात्यक्षिकासाठी सोमवारी साठ बरण्या हव्या होत्या. माल आवडला तर दर वर्षी. मामा वर्षभर ह्या ऑर्डरच्या मागं होते. आनंदानं त्यांनी सायकलला दुसरी घंटा बसवली, मला जिलेबी चारली आणि भाच्याच्या लग्नाला नायगावला गेले. किल्ली आमच्याकडं.

आणि नळ आला. माझी बायको सुमन म्हणाली, बिचाऱ्यांची झाडं जन्मभर शिळ्यावर जगलीत, एकदा तरी ताजं देऊ. मी मारुतीच्या आवेशात दोनशे बादल्या वर नेल्या. शिळं सगळं उपसलं, ताजं भरलं. पालिकेनं त्या दिवशी पाण्यात एवढं औषध टाकलं होतं, की सुमनच्या हिरव्या पातळावर पाणी सांडलं तिथं ते पांढरं झालं. तरी आमच्या डोक्यात उजेड पडला नाही.

रविवारी मामा परतले तोवर गच्चीवर उकडलेली मेथी झाली होती. मी अपराध कबूल केला. ते एका टपाशी बसले, पाण्याला नाक लावलं आणि म्हणाले, "औषिध उडून जायला चार दिस लागत्यात. म्हणून तर शिळं मागून राहिलो." बास. मी शिव्यांची वाट बघत होतो, त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात हजेरीची पोरं आली, साठ-सत्तर. उमरीच्या एका पोरीनं टप बघितला आणि आपल्या बरणीतली फांदी मधोमध तोडली. "निम्मं घ्या मामा. तोडलं की दोन होतंय, तुम्हीच म्हणालता." मग सगळ्यांनीच तोडलं. सोमवारी साठच्या साठ बरण्या गेल्या आणि साठांतूनही बुडबुडे आले.

संध्याकाळी मी माफी मागायला वर गेलो. मामा खिडकीतल्या स्वतःच्या बरणीकडं बघत होते. म्हणाले, "भूकंपात म्या घराच्या ढिगाऱ्याला कान लावून बसलो व्हतो. बायको आत, पोरगी आत. श्वास चालू हाय का न्हाई, काय कळंना. दीस मावळस्तोर कळलं न्हाई." मग बरणीकडं बोट करून म्हणाले, "ह्या झाडाचं बरं हाय. दिसतंय तरी."

मी खाली येऊन सुमनला सांगितलं.  पुढच्या रविवारी, पोरं यायच्या आधी, ती चहाचा कप घेऊन वर गेली. मामांची बरणी खिडकीतून उचलून तिनं कट्ट्यावर उन्हात ठेवली, बुडबुडा येईपर्यंत बसून राहिली, आणि मग म्हणाली, "ह्याचा चालू आहे मामा. तुमचा?"

 चहावर साय धरली.

"हाव," ते म्हणाले. "चालू हाय."