जराशी म्हणजे किती इंच?

शमीम आपा कुठल्याही दारात पोचल्या की बेल वाजवत नाहीत. आधी गळ्यातली टेप काढतात, तिचं टोक पायरीखाली सोडतात, आकडा वाचतात आणि वहीत लिहितात. मग ठरतं, आत जायचं की दारातूनच बोलायचं.

आपा अकोल्याला आमच्या शेजारी राहतात. अकरा वर्षं झाली. बायकांचे कपडे शिवतात. लहानपणी पोलिओ झाला, त्यामुळे डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट आणि काखेत कुबडी. "जराशीच पायरी आहे" असं कोणी म्हटलं की त्या म्हणतात, "जराशी म्हंजे किती? इंचात बोला, भाऊ. सहा इंचापर्यंत मी अल्लाचं नाव घेते. सातव्या इंचाले गवंड्याचं घेते."

मी जिनिंगच्या वजनकाट्यावर आहे. अंदाज हा शब्द मलाही चालत नाही, म्हणून आमचं जमलं. फक्त आमच्या घरी आल्या की त्या फाटकाजवळच्या स्टुलावर बसतात. आत या म्हटलं की म्हणतात, "इथं हवा हाये." मे महिन्यात, अकोल्यात! सुनंदा, माझी बायको, म्हणते, "त्यांच्यात चालत नसेल आपल्या घरात येणं." आम्ही जास्त विचारलं नाही.

या हिवाळ्यात त्यांच्या भाचीचा, नाजियाचा, निकाह अमरावतीला ठरला. ही भावाची मुलगी. सातव्या वर्षी तिची आई वारली, तेव्हापासून आपांनीच वाढवली. शिक्षणासाठी ती वडलांकडे गेली तेव्हा आपांनी तिला वचन दिलं होतं, "कबूल म्हणशील तेव्हा तुझा हात माझ्या हातात असेल."

आपांनी दोन महिने आधीच भावाला विचारलं, बायकांचा हॉल कुठे? वर. मग त्यांनी मला फोन करायला लावला. हॉलचा मॅनेजर म्हणाला, "लिफ्ट आहे ना, साहेब." मी आपांना तसं सांगितलं.

"तुमी पाह्यली?"

"फोनवर विचारली."

"वजन न पाहता पावती फाडता का?"

मला राग आला होता. तो चुकीचा होता, हे आपांना गाडीतून घेऊन मी आणि सुनंदा हॉलवर पोचलो तेव्हा कळलं. लिफ्ट होती, पण स्वयंपाकाची भांडी वर चढवायची. तिच्यात बिर्याणीची एक डेग मावत होती, माणूस नाही.

जिना बावीस पायऱ्यांचा. प्रत्येक पायरी साडेसात इंच, कठडा एकाच बाजूला, आणि तोही हलणारा. आपांनी मोजलं, लिहिलं, आणि जिन्याशी खुर्ची टाकून बसल्या. जाणाऱ्यायेणाऱ्यांना वाट मोकळी सोडून.

आपांचे भाऊ यूसुफभाई घामाघूम होऊन आले. "आपा, चार लडके कुर्सीसमेत उठा लेंगे. दो मिनट का काम है."

"मैं सोफा हूँ क्या?"

"लोग देख रहे हैं!"

"देखने दो. पराये मर्द का हाथ मुझे नहीं लगना. और गिर गई तो किसके हाथ से गिरी, वो भी मुझे मालूम नहीं होना."

नवऱ्या मुलाकडची एक ज्येष्ठ बाई म्हणाली, "माजूर है बेचारी, चढ नहीं सकती. निकाह हो जाने दो, इनको मिठाई नीचे भेज देंगे."

आपांचा आवाज चढला नाही. मला त्याचीच भीती वाटली. "नमाज खडे होके नहीं होती तो बैठ के पढो, ये अल्लाने माना है. सीढ़ी उसने नहीं लगाई. हॉलवाले ने लगाई."

अडीच वाजले. काझीसाहेबांना साडेतीनला दुसऱ्या गावात निकाह होता. ते दोनदा घड्याळ बघून गेले. मुलीची संमती विचारायला वकील, म्हणजे तिच्या वतीनं बोलणारे नातलग, आणि दोन गवाह जिन्याशी येऊन उभे; यूसुफभाईंनी त्यांना थांबवून धरलं होतं. नवऱ्या मुलाचे काका मोठ्यानं म्हणाले, "एक फुफी के लिए बारात भूखी रहेगी?" चूक माझी, आणि बोलणी आपांना.

आपांनी सुनंदाला जवळ बोलावलं. "वहिनी, वर जा. तिले सांगा, फुफी खाली हाये. बस. ये म्हणू नका. दिवस तिचा हाये."

सुनंदा गेली. परत आली. "सांगितलं," म्हणाली. अकरा मिनिटं गेली, मी मोजली. गवाहांपैकी एकानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

तेवढ्यात वरून कापडाची सळसळ आली. नाजिया उतरत होती. आपांनीच शिवलेला जड घरारा, दोन मैत्रिणींनी घेर उचललेला. बावीस पायऱ्या ती मान खाली घालून उतरली आणि आपांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. सुनंदा आणि एका मुलीनं मध्ये चादर धरली. वकिलांनी चादरीपलीकडून तीनदा विचारलं. तीनदा "कबूल है" आलं. त्यामागोमाग दुसरा आवाज आला, रडका आणि चिडका: "घेर दीड इंच लंबा हो गया. तूने सँडल बदली?"

परतताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो. आपा गाडीतच बसल्या. वही माझ्या हाती देऊन म्हणाल्या, "हॉलचं नीट लिहा, भाऊ. घाईत माझं अक्षर वाकडं आलं."

मी लिहिलं. मग सवयीनं पहिल्या पानापासून आकडे तपासू लागलो. पहिलीच नोंद माझ्याच घराची होती: "काळेभाऊ. दार. पायरी एक. साडेनऊ."

मी चहा बाजूला ठेवला.

"आपा, साऱ्या गावाशी भांडता. आम्हालाच काहून नाही सांगितलं?"

त्या म्हणाल्या, "तुमी नाही म्हटलं असतं तं? मंग मी फाटकाशी कोणाच्या बसली असती?"

घरी येऊन मी पायरी मोजली. साडेनऊच भरली. सकाळी गवंड्याला फोन केला. म्हटलं, एकाच्या दोन पायऱ्या करायच्या, पावणेपाच-पावणेपाच इंच, आणि दोन्ही बाजूंना कठडा, न हलणारा.

"अंदाजे ना, साहेब?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "टेप घेऊन ये."