नंदनवारजींना वरण परवडत नाही

आमच्या शेजारच्या नंदनवारजींना जेवायला बोलावलं, तर ते "छान झालंय" असं कधीही म्हणत नाहीत. पहिला घास घेतात, डोळे मिटतात, आणि आपण कौतुकाची वाट बघत असताना म्हणतात, "मॅडम, ही पोळी तुम्हाले चार रुपयाले पडली." आपण म्हणावं, कणकेचे एवढे कसे होतील? तर ते बोटं मोजायला लागतात. "कणीक धरली, तेल धरलं, गॅस धरला. पण तव्याचा घसारा धरला काय? लाटायची मजुरी धरली काय? काहून नाही धरली?"

बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी कॉस्टिंगमध्ये काढली. मीटरभर कापडाला सूत किती, रंग किती, वीज किती, हे काढायचं. त्यांचे वडील हातमागावर लुगडी विणायचे. मुलाने हातभर कापड विणलं नाही, फक्त त्याची किंमत काढली. पुढे ते निवृत्त झाले, कारखाना सुटला, पण कॉस्टिंग काही सुटलं नाही. त्यांची बायको सुमनताई होती तोवर ठीक होतं. त्यांनी भाव सांगायला तोंड उघडलं की ती ताटात वरण ओतत म्हणायची, "हिशेब झाला असंन तर जेवा आता." आणि ते जेवायचे.

नातवंडांनो, मागे व्हिडिओ कॉलवर तुमच्या आईने सांगितलं, की तिकडे परदेशात भाजी आणून घरी करण्यापेक्षा बर्गर स्वस्त पडतो. तुम्ही दोघं तिच्या मागे उड्या मारत होतात. मी विषय बदलला, कारण हेच भाषण मी इथे भिंतीपलीकडून रोज ऐकत होते आणि माझं डोकं आधीच उठलं होतं. म्हणून आज हे सगळं नीट, पहिल्यापासून लिहिते आहे.

सुमनताई गेली आणि त्यांचं स्वयंपाकघर बंद पडलं. सकाळी तर्री पोहे, दुपारी समोसे, संध्याकाळी आलुबोंडे. त्यांना शुगर, म्हणून मी एकदा वाटीभर मेथीची पातळ भाजी पाठवली. आपल्याकडे शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत, काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. नंदनवारजींनी ही रीत पाळली. वाटी परत आली ती समोसा घेऊन. तो तिच्यात मावत नव्हता, म्हणून उभा खोचला होता.

मी वरण पाठवलं, तर आलुबोंडा आला. मुगाची खिचडी पाठवली, तर कचोरी आली.

"अहो, हे काय?" मी विचारलं.

"वाटी खाली कशी देणार जी? बरं दिसते काय?"

मला अन्न टाकवत नाही. लहानपणापासूनची शिस्त आहे. त्यामुळे त्यांचं पथ्य सुधारायला निघालेली मी, रोज दुपारी चहाबरोबर तळलेलं खात बसले. त्यांची शुगर होती तिथेच राहिली आणि माझं पोट बिघडलं.

शेवटी धंतोलीच्या डॉक्टरांनी त्यांना बाहेरचं खाणं बंद करायला बजावलं. ते ऐकून त्यांची मुलगी संगीता बंगळूरहून आली. जिन्यातच तिने त्यांना धरलं. "बाबा, पुढच्या तपासणीत शुगर खाली नाही आली तर घराले कुलूप लावून तुम्हाले घेऊन जाते. सांगून ठेवते."

"काहून वं संगीता? तिथं तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. मी काय लिफ्टशी बोलू?"

"मग घरी शिजवा."

"परवडत नाही!"

नंदनवारजी मान फिरवून आपल्या दाराकडे बघत राहिले. या गल्लीत त्यांचं आयुष्य गेलं होतं. संगीताने माझे हात धरले. "काकू, एवढं करा जी. तुमचंच ऐकतात ते." ते माझं ऐकतात हा शोध तिने कुठे लावला देव जाणे. पण मी शिक्षिका होते आणि विद्यार्थी ढ आहे म्हणून मी कधी वर्ग सोडला नव्हता.

पहिला धडा भाजीबाजारात. नंदनवारजींनी मेथीची जुडी उचलली आणि भाजीवालीला म्हणाले, "अर्धी करून दे."

"काका, जुडी का पोळी आहे, मोडून द्यायले?"

"पाहा मॅडम," ते विजयी चेहऱ्याने माझ्याकडे वळले. "जुडी खटल्याच्या घराची, आणि खाणारा मी एक. उरलेली पिवळी पडणार. तिचे पैसे कोण धरणार?"

दुसरा धडा त्यांच्या ओट्यापाशी. मी कुकर लावायला शिकवत होते आणि ते शिट्ट्या मोजत होते. "एका वाटीभर डाळीले तीन शिट्ट्या. चार वाट्या लावल्या तर?"

"तीनच."

"मंग? गॅस तेवढाच, फोडणीचं तेल थोडंच जास्त, घासायचं भांडं तेवढंच. मॅडम, एका माणसाचं वरण म्हणजे एका रुमालासाठी पूरा माग चढवणं. तो समोसेवाला आखी कढई शंभर लोकांत भागते, म्हणून त्याचं स्वस्त."

"आणि डॉक्टरची फी? औषधं? ती धरा ना तुमच्या कॉस्टिंगमध्ये!"

"ते मेंटेनन्समध्ये येते. ते खातं अलग."

मी पळी ठेवली आणि घरी निघून आले. माझं ब्लडप्रेशर कोणत्या खात्यात धरायचं, हे विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल. नंदनवारजी रात्रभर जागल्यासारखे दिसत होते. "धरलं, मॅडम. फी, औषधं, ऑटो, सगळं समोशावर टाकलं. समोसा महाग निघाला."

"झालं तर मग! आता घरचं जेवा."

"नाही ना जी. वरण काही स्वस्त नाही झालं. आता दोन्ही परवडत नाही."

"मग माणसाने खायचं काय?"

"तेच तर काढून राहिलो," असं म्हणून ते गेले.

मी संगीताला फोन करून सांगणार होते, की बाई, तू कुलूप विकत घेऊन ठेव. पण दोन दिवसांनी दुपारी भिंतीपलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग दुसरी, मग तिसरी. थोड्या वेळाने नंदनवारजी माझ्या दारात, हातात माझीच वाटी आणि तीत गरम वरण. समोरच्या खोलीत कॉलेजच्या दोन मुली भाड्याने राहतात. नूडल्स आणि पिझ्झा यांवर त्यांचा निर्वाह चालतो. त्यांच्याही दारावर त्यांनी थाप मारली.

"पूरा कुकर लावला जी. चौघांत भागला. परवडलं!"

वरणात हिंग इतका होता की माझं कपाळ दुखलं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "हिंगाचा खर्च मी धरलाच नव्हता, म्हणून सढळ टाकला."

तेव्हापासून ही रोजची गोष्ट झाली. मुली दार उघडताच विचारायच्या, "काका, आजचा रेट?" आणि ते खुशीत सांगायचे. एकदा मुलींनी वाटीत क्रीमची बिस्किटं घालून परत केली, तर हे गृहस्थ त्यांना रागावले. "तळलेलं नाही, गोड नाही, पुडीतलं नाही. कच्चं द्यायचं. टमाटर द्या, दोन मिरच्या द्या, मूठभर डाळ द्या." माझ्या वाटीत समोसा उभा खोचणारा माणूस तो हाच! मी दार जरा जोरात लावलं.

हे चांगलं चाललं होतं. मग मुली परीक्षा संपवून आपापल्या गावी गेल्या आणि मी आठवडाभर अमरावतीला माझ्या बहिणीकडे गेले. परत आले ती जेवणाच्या वेळेला. बॅग उघडली, कपडे लावले. भिंतीपलीकडे शिट्टी नाही. मी वाटी घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं. कुकर ओट्यावर पालथा, कोरडा ठणठणीत. नंदनवारजी टेबलाशी बसले होते आणि समोर कागदावर दोन समोसे.

माझा पारा चढला. "तपासणी तोंडावर आली आहे! संगीता कुलूप घेऊन येईल. एवढी माझी डोकेफोड, एवढे हिशेब, आणि मी पाठ फिरवली की हे?"

ते समोशाच्या कागदाची कड बोटाने सरळ करत राहिले.

"पहिल्या दिवशी कुकर काढला होता जी. डाळ मोजली, पाणी मोजलं. मंग भागायले बसलो." त्यांनी पालथ्या कुकरकडे पाहिलं. "एकानं भागलं तर काही कमी होत नाही, मॅडम. जेवढं आहे तेवढंच राह्यते."

हे वाक्य शेगडीच्या खर्चाबद्दल नव्हतं, हे कळायला मला शिक्षिका असण्याची गरज नव्हती.

त्या तपासणीत शुगर बऱ्यापैकी उतरली आणि संगीता कुलूप न लावता परत गेली, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही काळजी करत बसाल. पण त्या दुपारी ते काहीच ठरलेलं नव्हतं. मी समोसे उचलून बाजूला ठेवले आणि कुकर सुलटा केला.

"डाळ कुठे आहे?"

"किती जणांची लावता?"

"दोघांची. मी अजून जेवले नाही."

त्यांनी डबा काढून दिला, आणि लगेच बोटंही मोजायला लागले. "दोघांत भागलं तर चौघांपेक्षा महागच पडते, पण एकापेक्षा... गॅस आधा, तेल आधं..." कुकरच्या शिट्ट्या झाल्या, वाफ निघाली, मी फोडणी दिली, भात वाढून ताटं मांडली, तरी त्यांचं चालूच होतं. प्रवासाने मी थकले होते, भूक लागली होती, आणि माझा संयम संपला होता. मी त्यांच्या ताटात वरण ओतलं आणि म्हणाले, "हिशेब झाला असेल तर जेवा आता."

नंदनवारजींची बोटं थांबली. त्यांनी एकदा ओट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग मान खाली घालून भात कालवायला घेतला.

दुसऱ्यांदा वरण त्यांनी मागून घेतलं. भाव सांगितला नाही.