शकूअक्का आणि जखमेचा पाला

माणूस भेटला की आपण आधी त्याच्या तोंडाकडे बघतो. शकूअक्का आधी त्याची कोपरं आणि गुडघे बघायच्या. तिथं काही खरचटलेलं नसलं की त्यांचा चेहरा जरासा उतरायचा, आणि मग त्या "बरा आहेस ना रे?" म्हणायच्या.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी धारवाडच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि सप्तापुरात त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. अक्का औषधनिर्माण कॉलेजात शिकवायच्या. चाळिशीच्या, उंच, एकट्या राहणाऱ्या. आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. गावठी पाल्यानं जखम खरंच लवकर भरते का, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय. कॉलेजात त्या तो उंदरांवर तपासायच्या आणि कॉलेज सुटलं की आमच्यावर.

पहिल्याच महिन्यात मी सायकलवरून पडलो. दोन्ही गुडघे फुटले.

"दोन्ही? आणि अगदी सारखे? वा!" अक्कांना आनंद लपवता आला नाही.

उकळून गार केलेल्या पाण्यानं त्यांनी दोन्ही गुडघे धुतले. उजव्यावर हिरवा लेप लावला. डाव्यावर नुसती स्वच्छ पट्टी.

"अक्का, यालाही लावा की. दुखतोय."

"दोन्हीला लावलं तर कळणार कसं, पाल्यानं भरलं की आपलं आपण भरलं? डावा बसू दे तसाच. नोडोण!"

नोडोण म्हणजे कन्नडमध्ये 'बघू या'. त्यांना काहीही सांगितलं तरी आधी हा शब्द यायचा. माझं लग्न ठरल्याचं सांगितलं तेव्हाही "नोडोण!" म्हणाल्या. मी घाबरलोच.

रोज सकाळी त्या गुडघ्यावर पारदर्शक कागद धरून जखमेची कड पेनानं काढायच्या आणि ग्राफपेपरवर ठेवून चौकोन मोजायच्या. दोन्ही गुडघे एकाच दिवशी बरे झाले. अक्का माझ्यावरच चिडल्या. "कातडीच चमत्कारिक रे तुझी!"

एकदा सुभाष रोडवर भाजीवालीच्या बोटाला विळी लागलेली दिसली. अक्कांनी पर्समधून कागद काढला, तिचा हात धरला आणि डोळे बारीक करून बघायला लागल्या. बाईला वाटलं, या भविष्य सांगतात. तिनं दुसरा हातही पुढं केला आणि थोरल्या मुलीच्या लग्नाचं विचारलं.

"नोडोण," अक्का म्हणाल्या.

पाला मिळायचा अळणावरजवळच्या एका खेड्यात, यल्लव्वाकडे. ही शेतमजूर बाई. तिच्याकडं त्याला 'गायद सोप्पु' म्हणत, जखमेचा पाला. पंधरा दिवसांतून एकदा अक्का बसनं जाऊन पिशवीभर घेऊन यायच्या. हा पाला उंदरांना लावतात हे कळल्यावर यल्लव्वा पोट धरून हसली होती. "माणसं बरी होतात हे मी सांगते, ते खोटं. आणि उंदीर सांगतो ते खरं?"

पण उंदीर काही सांगेनात. अक्कांनी पाला वाटून बघितला, वाळवून बघितला, पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये अर्क काढून बघितला. पाला लावलेली जखम आणि नुसती धुतलेली जखम सारखीच भरत होती. सहा वर्षं झाली. मार्गदर्शक म्हणाले, "चार-दोन उंदीर वगळा बाई. आकडे सुधारतील."

"उंदरांनी खरं सांगितलंय सर. मी कशी खोटं सांगू?"

बरोबरचे सगळे डॉक्टर झाले. अक्का पुन्हा पहिल्यापासून लागल्या.

अशात एका रविवारी मी त्यांच्याबरोबर यल्लव्वाकडे गेलो. तिचा नवरा फकीरप्पा अंथरुणावर होता. साखरेचा आजार, पायाला जखम, वर पाल्याचा जाड लेप. अक्कांनी लेप सोडवला आणि काळी पडलेली दोन बोटं बघितली. मग उठून सगळा पाला उकिरड्यावर टाकला.

"आत्ताच्या आत्ता हुबळीला. मोठ्या दवाखान्यात."

यल्लव्वा भडकली. "इतकी वर्षं माझा पाला पिशव्या भरून नेलास, आणि आज फेकतेस?"

"इतकी वर्षं नेला, म्हणूनच फेकते."

फकीरप्पा ऐकेना. तिथं पाय कापतात, म्हणाला. अक्का उंबऱ्यावर बसल्या. "तुम्हाला घेतल्याशिवाय मी जायची नाही." तीनची बस गेली. साडेचारची गेली. यल्लव्वानं चहा दिला, तो त्यांनी घेतला नाही. साडेपाचला फकीरप्पाच म्हणाला, "ही बाई इथंच उपाशी मरेल. चला."

दोन बोटं गेली. पाय वाचला. दवाखान्यातून अक्कांनी दोघांना थेट आपल्या घरी आणलं. दीड महिना यल्लव्वा त्यांच्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होती आणि अक्का रोज कॉलेजातून आल्यावर फकीरप्पाचा पाय धुऊन पट्टी बदलत होत्या.

एका संध्याकाळी मी विचारलं, "अक्का, यांच्यासाठी एवढं?"

पट्टी गुंडाळता गुंडाळता त्या मराठीतच म्हणाल्या, "आमच्या अप्पांच्या पायाला असंच झालं होतं. मी सतरा वर्षांची. कुणीतरी हाच पाला सांगितला. महिनाभर रोज वाटून बांधला मी. अप्पा म्हणायचे, आज बरं वाटतंय हं शकू. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता."

त्यांनी पट्टीचा पुढचा वेढा घेतला.

"मला एवढंच बघायचं होतं रे, तो पाला काही करत होता का. की मी नुसते दिवस घालवले त्यांचे."

"मग? कळलं?"

"कळलं की. पहिल्या दोन वर्षांतच कळलं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच शेवटच्या बाकापर्यंत गेला नाही. "पण परत परत करून बघितलं. कधीतरी उत्तर बदलेल म्हणून."

फकीरप्पाला मराठी कळत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं, की पट्टी बांधणारे हात थांबलेत. त्यानं वाकून अक्कांच्या डोक्यावर हात ठेवला.

"साकु बिडव्वा," तो म्हणाला. पुरे आता, पोरी.

अक्कांनी पट्टीची गाठ मारली. पाल्यानं जखम लवकर भरत नाही, असं स्वच्छ लिहून, एकही उंदीर न वगळता त्यांनी प्रबंध त्याच वर्षी दिला. पण त्याआधी फकीरप्पाला गावी पोचवायचं होतं. स्टँडवर त्यानं काठी बाजूला ठेवली आणि बसपर्यंत स्वतः चालत निघाला. अक्का त्याच्या अर्धं पाऊल मागं होत्या. त्याला धरलं नव्हतं, पण दोन्ही हात पुढं करून, तो वर चढून खिडकीशी बसेपर्यंत.