डेझी बिचकणार नाही अशी गोळी

आमचे शेजारी प्रभाकरकाका कुणाकडे जेवायला गेले की शबनम पिशवीत बंदुकीची नळी घेऊन जातात. नुसती नळी. बाकीची बंदूक घरी कपाटात, कुलपात. यजमानांकडे श्रीखंड वाढायला घेतलं की काका नळी काढून दिव्याकडे रोखतात, एक डोळा मिटतात आणि शेजारच्याला म्हणतात, "आतले आटे बघा. काय सुंदर पीळ आहे!"

डॅलसजवळच्या आमच्या कॉलनीत नव्यानं आलेल्या माणसाचा तिथेच घास अडकतो. मग कुणीतरी सांगतं, "घाबरू नका, काका अंडंसुद्धा खात नाहीत."

ते खरंच आहे. मूळचे नागपूरचे, जन्मभर धातूंच्या प्रयोगशाळेत काम करून रिटायर झालेले. काकू गेल्यानंतर त्यांना हा नाद लागला. थ्री हंड्रेड ब्लॅकआउट नावाचं एक काडतूस आहे. काका त्याच्याबद्दल लेकीच्या स्थळाबद्दल बोलावं तसं बोलतात.

"अगं मृणाल, एकच बंदूक, पण स्वभाव दोन! हलकी गोळी घाल, सुसाट जाते, लांब मारते. पण आवाजापेक्षा वेगानं जाते ना, म्हणून हवेत चाबूक ओढल्यासारखी कडाडते. जड गोळी घाल, सावकाश जाते आणि गप्प जाते."

"आणि सायलेन्सर लावला की?"

"सायलेन्सर मोटरसायकलला! हा सप्रेसर. तो फक्त नळीच्या तोंडाशी होणारा स्फोट आवरतो. पुढे हवेत गोळीनं बोंब मारली तर तो बिचारा काय करणार?"

त्यांच्याकडे नळ्या तीन. सोळा इंची, साडेदहा इंची आणि नऊ इंची. आखूड नळीच्या सरकारी मंजुऱ्या वगैरे सगळं त्यांनी रीतसर केलं होतं. फक्त नळी कुठली आणि गोळी कुठली, हे दोन वर्षं ठरत नव्हतं. कधीही विचारा, उत्तर एकच, "अभ्यास चालू आहे."

हा अभ्यास चालायचा मार्थाच्या शेतावर, दर शनिवारी. मार्था म्हणजे सत्तरीची विधवा बाई. गवताचं मोठं कुरण आणि डेझी नावाची म्हातारी घोडी, एवढाच तिचा संसार. रानडुकरांनी कुरण उकरून त्याची चाळण केली होती. गवत गेलं तर शेत विकावं लागणार, हे तिला दिसत होतं. पण बंदुकीचा बार तिला चालत नव्हता. एकदा शेजारच्या शेतात कुणीतरी बार काढला आणि डेझी बिथरून थेट काटेरी तारेत घुसली. पाय फाटला, जेमतेम वाचली. "डुकरं परवडली, पण माझ्या घोडीला घाबरवायचं नाही," असं मार्थानं बजावलं होतं. काकांना नेमका असाच प्रश्न हवा होता.

एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी काकांनी माझी बेल दाबून धरली. "चल! आज निकाल आहे!" गाडीची किल्ली त्यांनी माझ्या हातात कोंबली. गाडी मीच ड्राइव्ह केली.

शेतावर लोखंडी पत्रा टांगला होता. मातीच्या बांधाला पाठ टेकून, कानांवर मफ चढवून काका बसले. एरवी चाचणीच्या वेळी डेझीला दूर नेत; आज मार्थाच्या परवानगीनं ती पलीकडच्या कुंपणात चरत होती. आधी सोळा इंची नळी, पुढे सप्रेसर, आत हलकी गोळी. कडाड! डेझीची मान ताडकन वर. मार्थानं नकारार्थी मान हलवली.

मग नऊ इंची नळी, तोच सप्रेसर, जड गोळी. काकांनी श्वास रोखला. मी डोळे मिटले.

थप्. पोळपाटावर कणकेचा गोळा आपटावा तसा आवाज. मग पत्रा टण्ण वाजला.

डेझी चरतच होती.

"कान बघ! घोडीचे कान बघ!" काका उठून नाचायलाच लागले. "हललेसुद्धा नाहीत यार!" काकांच्या तोंडून 'यार' मी पहिल्यांदा ऐकलं.

उन्हं कलली आणि ओढ्याकडून डुकरांचा कळप वर आला. पुढे एक दांडगा सुळेवाला. मी काकांकडे पाहिलं. काकांनी बंदूक मार्थाच्या हातात दिली. "मारणं तुमच्याकडे. मी फक्त निवड समितीत."

मार्था गवताच्या गठ्ठ्यावर ओणवली. काका तिच्या कानाशी कुजबुजत होते, "जड गोळी लवकर खाली येते. जवळ येऊ द्या. अजून... अजून..."

थप्. सुळेवाला जागीच कोसळला. आवाज कुठून आला हेच बाकीच्यांना कळेना, ती नुसती गोल फिरत राहिली. पुन्हा थप्. दुसरं पडल्यावर मात्र कळप ओढ्यापार पळाला. मी आनंदानं किंचाळले, आणि तेव्हा कुठे डेझीनं मान वर करून माझ्याकडे रागानं पाहिलं.

मार्थानं काकांना मिठीच मारली. "सापडलं तुम्हाला! आता माझं मी सांभाळते. तुमचे शनिवार मोकळे झाले."

काका हसले. मग खाली बसून नळी पुसायला लागले. पुसून झालेली नळी पुन्हा पुसली. "हो," ते म्हणाले, "झालाच म्हणायचा अभ्यास." त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. दोन वर्षांत त्यांनी एकही शनिवार कॅन्सल केला नव्हता, हे मला तेव्हा आठवलं.

मार्थानं त्या पुसलेल्या नळीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मग म्हणाली, "पण ऑगस्टच्या उन्हात काय? काडतुसातली दारू तापली, गोळी जरा जोरात सुटली, आणि कडाडली तर?"

काकांचा हात थांबला. त्यांनी चष्मा वर सरकवला. "मुद्दा आहे," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे उन्हाळाभर यावं लागेल. दर शनिवारी."

"मला वाटलंच," मार्था म्हणाली आणि स्वयंपाकघरातला दिवा लावायला आत गेली.